उन्हाळ्यातली पिल्लं आणि क्रॉस स्टिच: तयारी, कामांचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

कोंबडीच्या पिल्लांचा खोका घरात आला की मग बल्बची शोधाशोध सुरू होते. कापड रिंगमध्ये अडकवून चार रांगा भरल्यावर कळतं की नक्षी उजव्या कडेला मावत नाही. दोन्हीकडे चूक एकच आहे, तयारी आधी व्हायला हवी होती. उन्हाळ्यात ही चूक जास्त महागात पडते. तापलेल्या खोक्यातलं पिल्लू दुपारच्या एक-दोन तासांत दगावतं, आणि घामेजल्या हातांनी उसवलेलं पांढरं कापड पुन्हा पहिल्यासारखं दिसत नाही.

घरात कोंबड्या असतील तर क्रॉस स्टिच, म्हणजे चौकटीच्या कापडावर फुलीच्या टाक्यांचं भरतकाम, हा दुपारचा उत्तम जोडउद्योग आहे. भर उन्हात कोंबड्यांवर दर तासाला नजर टाकावी लागते, आणि बारीक चौकटी मोजणाऱ्या डोळ्यांनाही दर तासाला उसंत हवी असते. सवय नसलेल्या हाताला शंभर टाके घालायला साधारण तासभर लागतो. म्हणून खालचा सगळा क्रम एका हिशोबावर बसवला आहे: दहा बाय दहाचा एक चौकोन भरायचा, मग उठून खुराड्याकडे एक फेरी मारायची. पिल्लांचे आकडे सहा ते बारा पिल्लांच्या घरगुती गटासाठी आहेत.

## टप्पा १: पिल्लं येण्याआधीचे दोन दिवस

रिंगण. पिल्लांना चौकोनी खोका देऊ नका. घाबरली किंवा गारठली की ती कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरून मरतात. जाड पुठ्ठ्याची ३ मीटर लांब आणि ४५ सेंटीमीटर उंच पट्टी गोल वळवा. साधारण ९५ सेंटीमीटर व्यासाचं रिंगण तयार होतं. बारा पिल्लांना पहिले दोन-तीन आठवडे ते पुरतं. पुढे पट्टी जोडून रिंगण मोठं करायचं, कारण महिन्याच्या पिल्लाला आधीच्या जवळपास दुप्पट जागा लागते. दुसऱ्या आठवड्यापासून पिल्लं उड्या मारायला लागतात, त्यामुळे वर टाकायची जाळीही आताच कापून ठेवा.

गादी. खाली भाताचं तूस किंवा रंधा मारताना निघतो तो जाडसर लाकडी भुसा पसरा. ५ सेंटीमीटर थर पुरे. थंडीत देतात तसा जाड थर उन्हाळ्यात नको, तो उष्णता धरून ठेवतो. करवतीचा बारीक भुसा अजिबात वापरू नका, पिल्लं तो दाणे समजून खातात. पहिले दोन दिवस गादीवर खरखरीत कागद किंवा जुनं सुती फडकं अंथरा. गुळगुळीत वर्तमानपत्रावर पिल्लांचे पाय दोन्ही बाजूंना घसरतात आणि पहिल्याच आठवड्यात कायमचे फाकू शकतात.

ऊब. १२ पिल्लांना उन्हाळ्यात ४० ते ६० वॉटचा जुन्या पद्धतीचा तारेचा बल्ब पुरतो. एलईडी बल्ब चालत नाही. तो प्रकाश देतो, पण पिल्लांना पुरेल अशी ऊब देत नाही. बल्ब रिंगणाच्या मधोमध न टांगता एका बाजूला टांगा, म्हणजे दुसरी बाजू गार राहते आणि पिल्लू आपली जागा आपण निवडतं. सुरुवातीला बल्ब गादीपासून ४५ सेंटीमीटर वर असावा. तो फक्त वायरवर लोंबकळत ठेवू नका. साखळीने बांधा आणि शिवाय एक वेगळी तार दुसऱ्या खिळ्याला बांधा. कोरड्या तुसात पडलेला बल्ब आग लावतो.

थर्मामीटर. तो पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर, म्हणजे गादीपासून ५ सेंटीमीटरवर, बल्बच्या कडेला ठेवा. भिंतीवरचा थर्मामीटर खोलीचं तापमान सांगतो, पिल्लाच्या अंगाला लागणारं नाही.

खाद्य. चिक स्टार्टरच (पिल्लांसाठीचं सुरुवातीचं खाद्य) आणा, त्यात सुमारे २० टक्के प्रथिनं असतात. घरात मोठ्या कोंबड्यांचं लेयर खाद्य पडलेलं आहे म्हणून तेच पिल्लांना घालणं ही नेहमीची आणि मोठी चूक. अंड्यावरच्या कोंबडीसाठी त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम घातलेलं असतं आणि पिल्लाचं मूत्रपिंड त्याने खराब होतं. अंड्याच्या जातीचं एक पिल्लू पहिल्या आठ आठवड्यांत दीड ते दोन किलो स्टार्टर खातं. तरीही सगळं एकदम आणू नका. उन्हाळ्यात खाद्य लवकर खवट होतं, आणि ओल लागली तर बुरशी धरतं. महिन्याभरात संपेल इतकंच घ्या, झाकणाच्या डब्यात सावलीत ठेवा. वास बदललेलं किंवा गोळे झालेलं खाद्य टाकून द्या, चाळून वापरू नका.

> तपासा: पिल्लं येण्याआधी बल्ब २४ तास चालवून पाहा. रात्री आणि पहाटे बल्बखाली ३३ ते ३५ अंश सेल्सिअस मिळतंय का? दुपारी बल्ब बंद असताना थर्मामीटर किती दाखवतो? दोन्ही आकडे लिहून ठेवा, पुढचा महिना तेच लागणार आहेत. दुपारचा आकडा ३८ च्या वर जात असेल तर आधी रिंगणाची जागा बदला. पत्र्याखाली किंवा पश्चिमेच्या भिंतीला लागून रिंगण नको.

## टप्पा २: पहिला दिवस

पिल्लं सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर आणा. खोक्याला भोकं असली तरी बंद गाडीत तो काही मिनिटांत तापतो.

१. आधी पाणी. खोक्यातून एकेक पिल्लू उचला, चोच पाण्यात अलगद टेकवा आणि ते प्यायलं की खाली सोडा. पाणी साधं, सावलीतलं, बर्फाचं नको. पहिल्या काही तासांपुरती लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज चालेल. गोड पाणी उन्हाळ्यात लवकर आंबतं, म्हणून ३ तासांनी ते ओतून स्वच्छ पाणी ठेवा.

२. पाण्याचं भांडं उथळ हवं. काठापर्यंत स्वच्छ गोटे भरा, म्हणजे फक्त चोच बुडेल इतकीच जागा राहते. एक-दोन दिवसांचं पिल्लू वाटीभर पाण्यातही बुडतं.

३. सगळी पिल्लं पाणी प्यायल्यावर तास-दोन तासांनी खाद्य. पहिले दोन दिवस ते कागदावर पसरा, मग खाद्याच्या भांड्यात द्या. उपाशी राहतील म्हणून घाई करू नका. अंड्यातला बलक पोटात घेऊनच पिल्लू बाहेर येतं आणि त्यावर ते दोन दिवस तग धरतं. पाण्याचं मात्र तसं नाही.

४. संध्याकाळी प्रत्येक पिल्लाच्या गळ्याखालची अन्नाची पिशवी बोटाने चाचपा. ती मऊ आणि भरलेली लागली पाहिजे. रिकामी किंवा कडक लागली तर त्या पिल्लाला पुन्हा पाण्याजवळ न्या.

५. शेपटीखाली विष्ठा चिकटून वाळलेली आहे का पाहा. तसं असेल तर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने हळूहळू मऊ करून काढा आणि लगेच कोरडं करा. ओढून काढू नका, कातडी फाटते. उन्हाळ्यात हा त्रास बहुतेक वेळा जास्त उष्णता आणि कमी पाण्यामुळे होतो. दोन-तीन पिल्लांना एकदम झाला तर बल्ब वर घ्या.

लसीकरणाचं वेळापत्रक पशुवैद्याकडून पहिल्याच दिवशी लिहून घ्या. मरेक्स या रोगाची लस सहसा उबवणी केंद्रातच टोचलेली असते, ती दिली आहे का ते विचारा. राणीखेत, म्हणजे मानमोडी, आणि गंबोरो या रोगांच्या लसी पहिल्या काही आठवड्यांत द्याव्या लागतात. पाण्यातून द्यायची लस उन्हाळ्यात पहाटेच द्या, पाण्यात क्लोरीन नको आणि ते पाणी दोन तासांत संपलं पाहिजे. ऊन लागलेल्या लसीचा काही उपयोग होत नाही.

## टप्पा ३: पहिले पाच-सहा आठवडे

पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५ अंश, दुसऱ्यात ३० ते ३२, तिसऱ्यात २७ ते २९, चौथ्यात २४ ते २६ आणि पाचव्यात २१ ते २३. दर आठवड्याला सुमारे ३ अंश कमी, असं लक्षात ठेवा. अंगावर पूर्ण पिसं आली की, साधारण पाच-सहा आठवड्यांनी, ऊब द्यावी लागत नाही.

उन्हाळ्यात सगळ्यात जास्त पिल्लं इथेच जातात. कुठेतरी ३५ अंश वाचलेलं असतं, आणि बल्ब दिवसरात्र चालू ठेवला जातो. खोलीच दुपारी ३६ अंशांवर असते, त्यावर बल्ब लावला की पिल्लाच्या पाठीवर ४० च्या पुढे जातं. बल्ब घड्याळाप्रमाणे लावू नका, थर्मामीटरप्रमाणे लावा. अनेक घरांत पहिल्या आठवड्यातसुद्धा सकाळी दहापासून संध्याकाळपर्यंत बल्ब बंदच ठेवावा लागतो आणि पहाटे मात्र हमखास लावावा लागतो. उलट चूकही होते: दिवसा उकडतंय म्हणून बल्ब काढूनच टाकतात आणि पहाटे चारला पिल्लं गारठतात.

थर्मामीटरपेक्षा पिल्लं स्वतः जास्त खरं सांगतात. बल्बखाली गोळा होऊन कर्कश ओरडत असतील तर थंडी वाजते आहे. रिंगणाच्या कडेला चिकटून, पंख अंगापासून दूर धरून, चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर उकडतंय. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा लागतोय. सगळीकडे विखुरलेली, काही खातायत, काही झोपलीत आणि हलका चिवचिवाट चालू आहे, असं दिसलं की हात लावू नका.

पाण्याचं भांडं दर तीन-चार दिवसांनी थोडं वर उचला. त्याची कड पिल्लाच्या पाठीच्या रेषेत हवी. खाली राहिलं की तूस आणि विष्ठा पाण्यात जाते. भांड्याभोवतीची ओली गादी त्याच दिवशी काढून कोरडी टाका. ओल्या, उबदार गादीत कॉक्सिडियाचे जंतू वाढतात. तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत विष्ठेत रक्त दिसलं, पिसं फुगवून पिल्लं कोपऱ्यात बसली, की वाट पाहू नका, त्याच दिवशी पशुवैद्याला विचारा. हा आजार दोन दिवसांत गट संपवतो, पण वेळेवर औषध दिलं तर बरा होतो.

> सावधान: पिल्लांना दुपारी पंख्याचा थेट झोत देऊ नका. पंखा भिंतीकडे वळवून खोलीतली हवा खेळती ठेवा.

## टप्पा ४: मोठ्या कोंबड्या आणि भर दुपार

कोंबडीला घाम येत नाही. तुरा, गळ्याखालचे लोळे आणि पाय यांतून ती उष्णता बाहेर टाकते, आणि त्याने भागलं नाही की धापा टाकते. १८ ते २४ अंशांत ती आरामात असते. ३० च्या पुढे चोच उघडते आणि ३५ च्या पुढे, विशेषतः हवेत दमटपणा असेल तर, जिवावर बेततं. धापा टाकताना शरीरातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि अंड्याच्या कवचाला लागणारा कार्बोनेट पुरेसा तयार होत नाही. म्हणून उन्हाळ्यात पातळ कवचाची अंडी येतात. शिंपल्याचा चुरा वेगळ्या वाटीत जरूर ठेवा, पण गारवा दिल्याशिवाय नुसत्या चुऱ्याने कवच सुधारत नाही.

पाणी. एरवी दिवसाला पाव लिटर पिणारी कोंबडी उन्हात त्याच्या दुप्पट पिते. पाणी तापलं की ती पिणंच कमी करते, आणि नेमकं तेव्हाच तिला पाणी हवं असतं. एकाऐवजी दोन-तीन भांडी सावलीत वेगवेगळ्या जागी ठेवा, म्हणजे दुबळ्या कोंबडीलाही मिळतं. दुपारी १२ आणि ३ ला पाणी बदला, भांडं नुसतं भरून घेऊ नका. मातीची भांडी पाणी चांगलं गार ठेवतात, पण आतून रोज घासा, शेवाळ धरतं. कडक उन्हाच्या दिवसांत इलेक्ट्रोलाइट पाकिटावरच्या मापाने द्या, पण एक भांडं साध्या पाण्याचं हवंच.

खाद्याची वेळ. हा भाग बहुतेकजण उलटा करतात. खाल्लेलं पचताना शरीरात उष्णता तयार होते आणि ती खाल्ल्यानंतर चार-सहा तासांनी सर्वाधिक असते. सकाळी दहाला भरपेट खाल्लं तर ती उष्णता बरोबर दुपारी तीनला, बाहेरही भट्टी पेटलेली असताना वर येते. मोठ्या कोंबडीचं दिवसाचं १०० ते १२० ग्रॅम खाद्य दोन भागांत द्या: पहाटे उजाडताच आणि संध्याकाळी पाचनंतर. दहाच्या सुमाराला खाद्याची भांडी उचलून ठेवा. हा नियम फक्त मोठ्या कोंबड्यांसाठी आहे. पिल्लांचं खाद्य कधीच उचलायचं नाही.

खुराडं. छपरावर पेंढा किंवा गोणपाट टाका. वाऱ्याच्या बाजूला ओलं गोणपाट लावता येतं, पण समोरच्या बाजूने हवा बाहेर जायला मोकळी जागा हवी. चारी बाजूंनी ओली गोणपाटं बांधली की आत वाफ कोंडते आणि कोंबड्यांची तडफड वाढते. दमट हवेच्या भागात पाणी शिंपडण्याआधी पंखा लावा.

अंडी दिवसातून दोन-तीनदा गोळा करा. सोबत कोंबडा असेल तर तापलेल्या खुराड्यात फलित अंड्यात बीज वाढायला लागतं. रात्री बॅटरी घेऊन कोंबड्या बसतात त्या दांडीची खालची बाजू आणि सांधे पाहा. लाल माइट नावाचे बारीक जीव दिवसभर तिथे लपतात आणि रात्री कोंबडीच्या अंगावर येऊन रक्त पितात. साचलेलं पाणी फेकून द्या, डासांमुळे कोंबड्यांचा देवीचा रोग पसरतो. रात्री मुंगूस आणि घुशीपासून वाचवायला कोंबड्यांची षटकोनी जाळी पुरत नाही, ती ते कुरतडतात किंवा वाकवतात. १२ मिलिमीटर छिद्रांची जाड तारेची जाळी लावा आणि ती जमिनीत ३० सेंटीमीटर खोल पुरा.

> ऊन लागलेली कोंबडी: मान टाकून बसली, तुरा निस्तेज किंवा काळसर पडला, डोळे मिटले, तर लगेच सावलीत न्या. पाय घोट्यापर्यंत गार पाण्यात बुडवा, तुऱ्यावर ओला हात फिरवा, चोचीच्या टोकाला पाण्याचे थेंब लावा. बर्फाचं पाणी अंगावर ओतू नका आणि घशात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं.

## टप्पा ५: दोन्ही कामांची दिवसाची मांडणी

उजाडताच: खुराडं उघडणं, पाणी, खाद्य, गादीची पाहणी. पिल्लांचा थर्मामीटर वाचून बल्बचा निर्णय. ही सगळी धुळीची कामं आहेत, ती इथेच संपवा.

दहाच्या सुमाराला: मोठ्यांचं खाद्य उचला, अंडी काढा, पाणी बदला. मग अंगातले कपडे बदला, हात साबणाने कोपरापर्यंत धुवा. दिसायला धडधाकट कोंबडीच्या विष्ठेतही साल्मोनेला हा जंतू असू शकतो, तो कापडावरून थेट तोंडापर्यंत येतो. शिवाय पिसांची धूळ पांढऱ्या कापडाच्या विणीत बसली की झटकून निघत नाही.

अकरा ते पाच: एक चौकोन, एक फेरी. फेरीत तीनच गोष्टी पाहायच्या: कोण धापा टाकतंय, पाणी किती उरलंय आणि किती गरम आहे, पिल्लं कुठे बसली आहेत. दोन मिनिटं पुरतात. परत आल्यावर हात पुन्हा धुवून पूर्ण कोरडे करा.

पाचनंतर: खाद्य पुन्हा ठेवा, गोणपाट काढा, अंधार पडायच्या आत मोजून खुराडं बंद करा. झोपण्याआधी पिल्लांचा बल्ब पाहा.

> सावधान, हे दोन्ही छंद एका घरात असतील तर सगळ्यात महत्त्वाचं: कापलेले धाग्याचे तुकडे कधीही खतात, अंगणात किंवा केरातून कोंबड्यांपर्यंत जाऊ देऊ नका. कोंबडी रंगीत धागा किडा समजून गिळते. तो जिभेभोवती किंवा अन्नपिशवीत गुंततो. पिल्लांच्या पायात धागा अडकला की पाय वाढतो पण धागा सैल होत नाही, आणि बोट काळं पडून गळून जातं. चमकणारी सुईही कोंबडी उचलते. बसायच्या जागी झाकणाची एक छोटी बरणी ठेवा, प्रत्येक तुकडा तिच्यातच टाका. उठताना सुया मोजा. पिल्लांचं रिंगण आणि शिवणकाम एका खोलीत ठेवू नका.

## टप्पा ६: कापड, सुई आणि धागा

माप आधी. १४ काउंटचं आयडा किंवा मॅटी (क्रॉस स्टिचसाठीचं चौकटीचं कापड) म्हणजे एका इंचात १४ चौकटी. नक्षीचे टाके भागिले काउंट म्हणजे इंचातलं माप. समजा कोंबडीची नक्षी ८४ टाके रुंद आणि ७० टाके उंच आहे. ८४ भागिले १४ म्हणजे ६ इंच, ७० भागिले १४ म्हणजे ५ इंच. चारही बाजूंना ३ इंच सोडा. म्हणजे १२ बाय ११ इंचांचा तुकडा लागेल. चौकटीत बसवताना ही कड मागे दुमडावी लागते, ती वाचवायला जाऊ नका.

पांढऱ्या कापडावर पांढरी कोंबडी भरायची असेल तर आधी विचार करा. टाके घातले तरी ती लांबून दिसत नाही. फिकट निळं किंवा मातकट कापड घ्या, नाहीतर राखाडी बॅक स्टिचची (सलग रेषेच्या टाक्याची) कड ठरवूनच सुरुवात करा.

कापलेल्या कडा लगेच बंद करा. हातशिलाईने धावदोरा घालून दुमडा किंवा झिगझॅग मारा. चिकटपट्टी लावू नका. उन्हाळ्यात तिचा गोंद वितळून कापडात उतरतो आणि धुऊन जात नाही.

मध्य आणि रेषा. कापडाची चौघडी घालून मध्य काढा. मग फिकट रंगाच्या एका पदराने दर १० चौकटींवर उभा-आडवा कच्चा धावदोरा घाला. हे अर्ध्या तासाचं काम कंटाळवाणं वाटतं आणि म्हणून टाळलं जातं. पण मोजणीच्या चुका याच रेषांवर पकडल्या जातात, आणि दर फेरीआधी कुठे थांबायचं हेही याच रेषा सांगतात.

सुई. बोथट टोकाची टॅपेस्ट्री सुई घ्या, १४ काउंटला २४ नंबर, १६ ते १८ काउंटला २६ नंबर. टोकदार सुई कापडाचे धागे फाडते आणि टाके वाकडे बसतात.

धागा. लडीत सहा पदर असतात. १४ काउंटला फुलीसाठी दोन पदर, बॅक स्टिचला एक. ४५ सेंटीमीटरपेक्षा लांब तुकडा कापू नका, कापडातून ये-जा करून तो विरतो आणि शेवटचे टाके निस्तेज दिसतात. दोन पदर एकदम ओढून काढले की गाठ बसते. एकेक पदर सरळ वर ओढून काढा, मग दोन्ही जुळवा. ८ मीटरच्या लडीत, वाया जाणारं धरून, दीड हजार टाके होतील असा अंदाज ठेवा आणि मोठ्या पार्श्वभूमीचा रंग एकाच वेळी विकत घ्या. नंतर आणलेल्या लडीची छटा किंचित वेगळी निघू शकते.

> तपासा: लाल, गडद जांभळा आणि काळा धागा ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून पाहा. रंग उतरला तर गार पाण्यात धुवा, पाणी स्वच्छ येईपर्यंत, आणि वाळवूनच वापरा. कोंबडीचा तुरा लाल असतो, त्यामुळे ही परीक्षा चुकवू नका. घामानेही रंग उतरतो.

## टप्पा ७: टाके

१. सुरुवात गाठीने करू नका. गाठ मागून उंचवटा दाखवते. ९० सेंटीमीटरचा एक पदर मधोमध दुमडा (दुमडल्यावर तो ४५ सेंटीमीटरचाच राहतो) आणि दोन्ही टोकं नेढ्यातून ओवा. पहिला अर्धा टाका घालताना मागचा फास सुईत अडकवून ओढा, धागा पक्का बसतो. ही युक्ती फक्त सम संख्येच्या पदरांना, म्हणजे दोन, चार किंवा सहा पदरांना चालते.

२. आडव्या रांगेत आधी सगळे अर्धे टाके एका दिशेने, मग परत येताना दुसरे अर्धे. धागा कमी लागतो आणि मागची बाजू नीट राहते. उभ्या रांगेत मात्र प्रत्येक फुली लगेच पूर्ण करा.

३. फुलीचा वरचा पाय, म्हणजे वर येणारा अर्धा टाका, सगळ्या नक्षीत एकाच दिशेला हवा. नवशिक्यांच्या कामात सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच. कापड फिरवून भरलं की दिशा उलटते, आणि उजेड पडला की तो भाग वेगळ्या रंगाचा वाटतो. कापडाच्या वरच्या कडेला एक रंगीत टाका खूण म्हणून घालून ठेवा.

४. दर दहा-बारा टाक्यांनी सुई सोडून लोंबू द्या, धाग्याचा पीळ आपोआप उलगडतो.

५. रिकाम्या जागेवरून मागे तीन-चार चौकटींपेक्षा लांब धागा नेऊ नका. गडद धागा फिकट कापडातून दिसतो.

६. शेवटी मागच्या चार-पाच टाक्यांखालून सुई सरकवा आणि जवळ कापा. तुकडा बरणीत.

७. बॅक स्टिच सगळ्या फुल्या झाल्यावरच.

फेरीसाठी उठताना सुई नक्षीत टोचून ठेवू नका, घामाने गंजली तर कायमचा ठिपका राहतो. कडेच्या रिकाम्या भागात टोचा. दिवस संपला की रिंग काढून ठेवा. रात्रभर राहिलेली रिंग वर्तुळाची मळकी खूण पाडते आणि ती शेवटी धुताना जिकिरीची ठरते. काम झाकणाच्या डब्यात ठेवा. खिडकीजवळ बसा, पण थेट उन्हात नको, धाग्याचा रंग उडतो.

> तपासा: प्रत्येक चौकोन संपल्यावर, फेरीला उठायच्या आधी, धावदोऱ्याच्या रेषेपर्यंतचे टाके मोजा. दहाचे अकरा झाले असतील तर आत्ता एक रांग उसवावी लागेल, उद्या चार चौकोन.

## टप्पा ८: उसवणं आणि धुणं

उसवताना धागा ओढू नका. सुईचं टोक टाक्याखाली घालून एकेक टाका मागे काढा. मोठा भाग असेल तर मागच्या बाजूने मधे कापून तुकडे चिमट्याने उचला. उसवलेला धागा पुन्हा वापरू नका, तो फुललेला असतो. चूक एका टाक्याची असेल आणि कोंबडीच्या पिसांत मिसळून जात असेल तर राहू द्या. तीच चूक डोळ्यात, चोचीत किंवा चौकटीच्या कडेला असेल तर उसवा, कारण तिथे नजर आधी जाते.

पूर्ण झाल्यावर धावदोऱ्याच्या रेषा ओढून काढा. गार पाण्यात सौम्य साबण घालून काम बुडवा, चोळू नका. लाल रंग पाण्यात उतरताना दिसला तर घाबरून बाहेर काढू नका. ओलं कापड वाळलं की डाग पक्का होतो. वाहत्या गार पाण्याखाली पाणी स्वच्छ येईपर्यंत धरा, मगच काढा. न पिळता स्वच्छ टॉवेलात गुंडाळून दाबा. किंचित ओलं असतानाच जाड टॉवेलवर उलटं ठेवून मागच्या बाजूने इस्त्री करा, म्हणजे टाके चपटे होत नाहीत. दोरीवर वाळत घालायचं असेल तर सावलीत, आणि खुराड्याच्या वाऱ्याच्या दिशेला नको, ओल्या कापडावर पिसांची धूळ चटकन बसते.